उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द आज निवडणुकीच्या फलकांवर इतका मिरवतो की, त्याचे बिऱ्हाड मुळात सरकारी कचेरीच्या पडवीत होते याचे आपणांस विस्मरण पडले आहे. फारसीत उमेद म्हणजे आशा. ती बाळगणारा तो उमेदवार. अव्वल इंग्रजीत मामलेदाराच्या कचेरीत कारकुनाच्या शेजारी मांडी ठोकून, मोडी वळण घोटीत, अर्ज आणि जमाबंदीचे तक्ते विनावेतन उतरून काढणारा, आणि एखादी असामी रिकामी झालीच तर त्या क्षणी वरिष्ठांच्या नजरेसमोर आपण असावे एवढ्याच भरवशावर महिनेच्या महिने काढणारा जो तरुण, त्याला ही संज्ञा होती. हजेरी हाच त्याचा अर्ज, आणि कोणा आप्ताचा वशिला हीच त्याची शिफारस.

या हजेरीच्या जागी दाखला आला तो परीक्षांबरोबर. १८७५ साली मुरूडचा एक सतरा वर्षांचा मुलगा सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेला आणि तेथील मंडळींना तो वयाने लहान दिसला म्हणून परीक्षेस न बसताच परत फिरला. पुढील वर्षी कोल्हापुरास तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. हाच मुलगा पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून विख्यात झाला, ही गोष्ट निराळी. मला येथे महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, कागदाच्या एका तुकड्यासाठी घाट चढावा असे खेड्यातल्या मुलाला वाटू लागले होते.

कल्याणजवळच्या अंबरनाथ गावास मात्र अशा कागदाच्या नोकरीची गरज बराच काळ पडली नाही. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख मिरवणारे शिलाहारांचे शिवालय, वालधुनीचे पात्र आणि भोवतालची भातशेती, एवढाच या गावाचा ऐवज. १८५६ साली कल्याणहून खोपोलीकडे आगगाडी धावू लागली, तीही गावाच्या अंगावरून निघून जाई. पालट झाला तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी कंपनीचा रसायनांचा कारखाना येथे आला. १९२३ साली स्थापन झालेल्या, स्वीडिश भांडवलाच्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीने, म्हणजे आपल्या ‘विमको’ने, आगपेट्यांचा कारखाना घातला. त्या काळी गिरणीत काय आणि कारखान्यात काय, भरतीचा अधिकार व्यवहारात मुकादमाच्या किंवा जॉबरच्या हाती असे, आणि जॉबरच्या दस्तुरीची हकिगत १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालातही येते. नोकरीचा शोध म्हणजे गाववाल्याचा शोध, हे समीकरण तेव्हा पक्के झाले, आणि ते अद्याप पुरते सुटलेले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या वशिल्याला पर्याय उभा केला. दुसऱ्या महायुद्धातून सुटून आलेल्या सैनिकांसाठी १९४५ साली जी पुनर्वसन कार्यालये उघडली, तीच १९४८ पासून सर्वांस खुली झाली. त्यांनाच पुढे ‘सेवायोजन कार्यालय’ असे भारदस्त नाव मिळाले. मॅट्रिकचा निकाल लागला की ठाण्यास जाऊन नाव नोंदवावे, कार्ड जिवापाड जपावे, मुदतीत त्याचे नूतनीकरण करावे, टायपिंगच्या क्लासात तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षा द्याव्यात, आणि ‘कॉल’ची वाट पाहावी, असा एक संस्कारच मध्यमवर्गीय घरांतून रुजला. मुंजीनंतरचा सोळा संस्कारांत न मोजलेला संस्कार म्हटला तरी चालेल. पण १९५९ च्या कायद्याने मालकावर जे बंधन घातले ते रिक्त जागा कळविण्याचे होते, कार्डधारकासच नेमण्याचे नव्हे. आणि कार्डाची तारीख जितकी जुनी तितका आपला हक्क बळकट, असे मानून बसलेल्या कित्येकांना हा भेद फार उशिरा कळला. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच, केवळ कार्यालयाकडून आलेल्या नावांवर न थांबता वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असा दंडक घातला. ‘पाहिजेत’ या एका शब्दाच्या मथळ्याखालील बारीक टाइप वाचण्याची सवय असलेल्यांचे नशीब त्यामुळे थोडे उघडले.

अंबरनाथात खरी चालली ती दुसरीच वाट, आणि माझ्या मते तीच अधिक शहाणपणाची होती. १९५३ साली येथे दारूगोळ्याच्या साहित्याचा सरकारी कारखाना व यंत्रनमुन्यांचा कारखाना, ज्यांना गावात कोणी ‘ऑर्डनन्स’ आणि ‘एमटीपीएफ’ याखेरीज दुसऱ्या नावाने ओळखत नाही, ते सुरू झाले. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा १ मार्च १९६२ पासून अमलात आला, आणि पाहा, कचेरीच्या पडवीतला तो जुना शब्द कायद्याच्या मुखपृष्ठावर येऊन बसला. फरक एवढाच की, या उमेदवाराला विद्यावेतन होते, करारनामा होता, आणि फिटर, टर्नर, मशिनिस्ट असा हाती येणारा हुन्नर होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंतेही या कक्षेत आले. मालकाने उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे मात्र त्या कायद्याच्या बाविसाव्या कलमात नव्हते. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षितास प्राधान्य द्यावे, एवढे म्हटले. तरीही ज्याच्या हातात कसब आहे तो दारोदार फिरला तरी रिकाम्या हाताने परतत नाही, हे आय.टी.आय.तून बाहेर पडणाऱ्या मुलांनी पदवीधर भावांच्या आधी ओळखले.

औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि कालांतराने पूर्वेकडील आनंदनगरचे माळ शेडांनी भरले. तेथे नेमणुकीची रीत पुन्हा जुनी झाली: फाटकावर ‘हेल्पर पाहिजे’ असा पुठ्ठा, आत कंत्राटदार, आणि कंत्राटदाराच्या ओळखीचा कोणी. सरकारी कारखान्यांचेही २०२१ च्या १ ऑक्टोबरला निगमीकरण होऊन ऑर्डनन्स ‘यंत्र इंडिया’कडे व एमटीपीएफ ‘आर्मर्ड व्हेइकल्स निगम’कडे गेले.

पूर्वेच्या स्थानकाबाहेर सकाळी शेअर रिक्षात कोंबून घेणाऱ्या मुलांत आता बी.कॉम.ची व बी.एस्सी.चीही मुले असतात. त्यांचा बायोडाटा मोबाइलमध्ये असतो आणि नोंदणी ठाण्याच्या खिडकीवर न होता संकेतस्थळावर होते. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली, तीत बारावी झालेल्यास महिना ६,०००, आय.टी.आय. वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले, मुदत प्रारंभी सहा महिन्यांची. मामलेदाराच्या पडवीतील उमेदवाराला वेतन नव्हते, पण मुदतही नव्हती.