जमिनीखालची नळी, कागदावरची रेघ

१/ बागेच्या आराखड्यात झाड वर्तुळाने दाखवतात, पायवाट दोन समांतर रेघांनी. मातीखाली दडणारी ठिबकची नळी कशी दाखवावी? प्रश्न आरेखनाचा वाटतो. पण त्याची मुळे पुण्याच्या पेशवेकालीन नळापर्यंत नेता येतात. 🧵

२/ पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट ओलांडला की पुढे भोर तालुक्यात वरवे बुद्रुक लागते. घाटाच्या अलीकडे, पायथ्याशी कात्रजचे तलाव आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी त्यांचे पाणी बांधीव भूमिगत नळातून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यात आणि शहरातील हौदांत आणले.

३/ या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी मनोरे होते. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. नळात कोंडलेली हवा तेथून बाहेर पडे. नळ अदृश्य असला तरी त्याचा मार्ग या मनोऱ्यांवरून कळे. नकाशाचे काम काही अंशी जमिनीवरच्या खुणाच करीत. शहर वाढले, खुणा झाकल्या गेल्या आणि नळाचा मागही पुसट झाला.

४/ २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात एक जुना बांधीव भुयारी जलमार्ग अचानक उघडा पडला. तो पेशवेकालीन की नंतरचा, यावर जाणकारांत चर्चा झाली. बांधणाऱ्यांना जे स्वच्छ ठाऊक होते, ते पुढच्या पिढ्यांना कुदळीमुळे कळले.

५/ आता ठिबककडे येऊ. इस्रायलचे जलअभियंते सिमखा ब्लास यांनी पाण्याचा वेग आतल्या लांब, अरुंद वाटेत मंदावणारी तोटी विकसित केली. १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झशी करार झाला आणि त्यानंतर तिचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शासकीय अनुदान आणि जळगावच्या भवरलाल जैन यांचा उद्योग यांमुळे ठिबक शेतोशेती पोहोचले.

६/ शेतात नळीचा नकाशा फारसा लागत नाही. द्राक्ष, केळी किंवा उसाची ओळ हाच नळीचा मार्ग, आणि ती अंथरणाराच रोज पाहतो. बागेत तसे नसते. वाफे वळणदार, नळी माती-पालापाचोळ्याखाली. मांडणारा एक, राखणारा दुसरा. म्हणून शेतातले तंत्र बागेत आले, तेव्हा त्याला कागदाची गरज पडली.

७/ अडचण प्रमाणाची आहे. उपनळ्या ४० सेंमी अंतरावर असतील, तर १:१०० च्या नकाशात त्या ४ मिमीवर येतात आणि १:२०० मध्ये अवघ्या २ मिमीवर. सगळ्या काढल्या तर झाडांची नावेही वाचता येणार नाहीत.

८/ म्हणून सोयीची रीत अशी : मुख्य व उपमुख्य नळी, फिल्टर, व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह आणि हवा सोडणारा व्हॉल्व्ह ज्याच्या त्याच्या जागी काढायचे. उपनळ्यांच्या क्षेत्राला मात्र सीमारेषा देऊन आत तिरप्या रेघा भरायच्या. उपनळ्यांमधले व तोट्यांमधले अंतर आणि ताशी प्रवाह शेजारी लिहायचा. एका वाफ्याचा तपशील मोठ्या प्रमाणात वेगळा काढायचा.

९/ हे आकडे शोभेचे नव्हेत. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौ. मी. दोन्ही अंतरे ४० सेंमी धरली तर सुमारे २५० मीटर नळी आणि ६३० तोट्या लागतात. तोटी ताशी २ लिटरची असेल, तर गुंठ्याला ताशी साडेबाराशे लिटरांहून थोडे अधिक पाणी हवे. टाकी, पंप आणि व्हॉल्व्ह त्याला पुरतील का, हे नळी विकत घेण्यापूर्वी कागदावरच कळते.

१०/ आराखडा आणि प्रत्यक्ष काम यांत फरक पडतोच. खडक लागतो, वाट वळवावी लागते. म्हणून माती लोटण्यापूर्वी प्रत्यक्ष मार्ग मोजून, कायम राहणाऱ्या भिंतीपासूनची अंतरे लिहून दुसरा नकाशा करावा. तो झाला नाही, तर पुढच्या वर्षी रोप लावणाऱ्याचे खुरपेच नळी शोधून काढते.

११/ ठिबकमधला हवेचा व्हॉल्व्ह म्हणजे कात्रजच्या नळावरच्या उच्छ्वासाचा धाकटा भाऊच : दोघांचे काम एक, कोंडलेली हवा सोडणे. फरक उंचीचा. उच्छ्वास दुरून दिसे. हा व्हॉल्व्ह गवतात लपतो. वरवे बुद्रुकच्या एखाद्या अंगणातली बाग असो वा पेशव्यांची राजधानी, जमिनीखालचे पाणी सांभाळायचे तर त्याची आठवण जमिनीच्या वर कुठेतरी जपावी लागते. मनोरे उभारणे आता शक्य नाही. एक रेघ ओढणे शक्य आहे.

(समाप्त)