छतांतील दिवा आणि तीन इंचांचें अंतर

अमेरिकेंतील पुष्कळशा घरांत दिवा दिसत नाहीं, उजेड मात्र पडतो. छताला एक वाटोळें भोंक असतें, त्याच्या वर पत्र्याचा डबा बसविलेला असतो आणि डब्यांत तोंड खालीं करून विजेचा गोळा लावलेला असतो. न्यू यॉर्ककडील लोक त्याला 'उंच टोपी' म्हणतात. इतरत्र त्याचें नांव 'डबा', आणि कॅनडांत 'मडकें'. नांवें अशीं थट्टेचीं असलीं तरी हा दिवा छतांत कसा बसवावा याविषयींचे तेथील नियम मोठे करडे आहेत. अर्धा इंच, तीन इंच, अठरा इंच, एक फूट अशीं मापें त्यांत दिलेलीं आहेत. श्रोतेहो, एरव्हीं असलीं मापें तारा ओढणाऱ्या कारागिरानेंच पाठ करावयाचीं. परंतु त्यांच्या मागें शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यांतील एका प्रकरणांत तर सरकारनें व नागरिकांनीं सद्धेतूनें केलेल्या कामामुळेंच घरांचीं छतें पेटूं लागलीं. तें प्रकरण मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे.

एडिसनचें पर्ल स्ट्रीटवरील वीजघर न्यू यॉर्क शहरांत ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुरू झालें. वीज घरांत आली तशी तिच्या पाठोपाठ आगहि आली, आणि तिची झळ घरमालकांच्या खालोखाल आगीचे विमे उतरणाऱ्या कंपन्यांस लागली. तारा कशा ओढाव्या याचे आरंभींचे नियम विमेवाल्यांच्या कचेऱ्यांत तयार व्हावे यांत नवल नाहीं. ज्याच्या खिशाला चाट बसते त्याची दृष्टि आपोआप तीक्ष्ण होते. १८९३ सालीं शिकागो येथें जागतिक प्रदर्शन भरलें. तेथील विजेच्या दिव्यांचा अफाट पसारा पाहून विमेवाले धास्तावले आणि त्यांनीं विल्यम हेन्री मेरिल नांवाच्या पंचविशींतील एका तपासनिसास बोस्टनहून बोलावून घेतलें. पुढच्याच वर्षीं त्यानें एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. तीच पुढें 'अंडररायटर्स लॅबोरेटरीज' या नांवानें प्रसिद्धीस आली. विजेचें सामान मुद्दाम तापवून, जाळून पाहावयाचें आणि कसोटीस उतरलें तर त्यावर शिक्का मारावयाचा, असा तिचा खाक्या.

१८९६ सालीं त्या एका देशांत विजेच्या कामाच्या पांच निरनिराळ्या नियमावल्या चालूं होत्या. त्या वर्षीच्या मार्च महिन्यांत न्यू यॉर्कला जाणकारांची बैठक भरली, सर्वांची मिळून एक संहिता करण्याचें ठरलें, तिचा मसुदा अमेरिका व युरोप येथील सुमारें १२०० तज्ज्ञांच्या नजरेखालून गेला, आणि १८९७ सालीं 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' प्रसिद्ध झाला. १९११ पासून 'नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन' ही संस्था त्याची देखभाल करते. अलीकडे दर तीन वर्षांनीं त्याची नवी आवृत्ति निघते. हा ग्रंथ स्वतः कायदा नव्हे. एखादें राज्य अगर शहर त्याचा स्वीकार करील तेव्हां तेथें त्याला कायद्याचें बळ येतें.

आतां दिव्याकडे वळूं. जुन्या पद्धतीचा, तापलेल्या तारेचा गोळा नांवाला दिवा, परंतु कर्तबगारीनें शेगडी. तो जेवढी वीज खातो तिच्यांतील शेंकडा नव्वदांहून अधिक भागाची उष्णता होते. हा गोळा खोलींत लोंबकळत असेल तर ती उष्णता हवेंत विरून जाते. आपल्या जुन्या वाड्यांतील दिवळी आठवा. तेथेंहि ज्योत भिंतीच्या पोटांतच असे. परंतु भिंत दगडामातीची, आणि दिवळीचें तोंड उघडें. अमेरिकन घराचें छत म्हणजे लांकडाच्या तुळ्या, खालून गिलाव्याचें किंवा जिप्समच्या तक्त्यांचें अस्तर, आणि वर माळ्याची पोकळी. या लांकडांच्या मधोमध शेगडी बसवावयाची, ती तोंड खालीं करून, आणि उष्णतेचा स्वभाव तर वर चढण्याचा!

तरीहि हे दिवे लोकप्रिय झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकारानें नामांकित वास्तुशिल्पज्ञांच्या इमारतींतून दिव्यापेक्षां उजेडाला महत्त्व देण्याची दृष्टि रूढ केली, आणि मोठ्या इमारतींतील ही टूम हळूहळू सामान्य घरांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोंचली. संहितेनें तिला मज्जाव केला नाहीं. अटी मात्र घातल्या. दिव्याशेजारचें लांकूड किंवा दुसरा जळाऊ पदार्थ ९० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापतां कामा नये. पाणी उकळण्याइतकीहि ही उष्णता नव्हे. मग इतकी दक्षता कां? कारण लांकूड वर्षानुवर्षें तापत राहिलें म्हणजे आंतून सुकत, काळवंडत जातें, आणि ताज्या लांकडाला जेवढी आंच लागते तीहून कमी आंचेवर पेट घेऊं शकतें. म्हणून डब्याचें अंग व लांकूड यांच्यांत निदान अर्धा इंच मोकळी जागा ठेवावयाची.

तारेची गोष्ट याहून नाजूक. आरंभीच्या तारांवर रबराचें व कापडाचें आवरण असे. सतत उष्णता लागली म्हणजे तें कडक होऊन त्याचा भुगा पडतो आणि तांबें उघडें होतें. यावर काढलेली तोड मला फार आवडते. घरांतील साधी तार दिव्यापर्यंत आणावयाचीच नाहीं. दिव्यापासून निदान एक फूट अलीकडे एका जोडपेटींत ती थांबवावयाची, आणि तेथून पुढें उष्णता सोसणारी निराळी तार धातूच्या नळींतून न्यावयाची. ही तार अठरा इंचांहून आंखूड नको व सहा फुटांहून लांब नको. एरव्हीं तार जितकी आंखूड तितकी बरी असें कोणीहि म्हणेल. येथें मुद्दाम लांबी राखली आहे ती उष्णतेनें वाटेंतच थकावें म्हणून.

एवढी तजवीज असतांना घात कोठें झाला? ऑक्टोबर १९७३ मध्यें अरब राष्ट्रांनीं अमेरिकेला तेल देणें थांबविलें. तेल महागलें, थंडीच्या दिवसांत घरें ऊबदार ठेवणें जड जाऊं लागलें, आणि छतावाटे निसटणारी ऊब अडविण्यासाठीं माळ्यावर रोधक थर घालण्याची लाट उसळली. कोणी काचेच्या तंतूंच्या गाद्या पसरल्या, तर कोणी जुन्या वर्तमानपत्रांचा भुसा करून, त्याला आग लागूं नये म्हणून बोरिक आम्ल वगैरे लावून, तो नळानें माळाभर उडविला. १९७८ सालीं अशा खर्चावर सरकारनें करांत सूट दिली. हेतु उत्तम होता, हिशेबहि चोख होता. परंतु माळ्यावर चढणाऱ्याला खालच्या दिव्याच्या डब्याची पाठ दिसे, आणि फट राहूं नये म्हणून तो तीहि गादीनें झांकून टाकी. थंडींत घराला दुलई मिळाली. ती शेगडीवरहि पडली होती. ज्या पोकळींतून डब्याची उष्णता निघून जात असे ती बुजली. डबे तापले, लांकूड करपलें, आणि किती तरी ठिकाणीं छतांत आगी लागल्या. अशी आग आधीं माळ्यावर धुमसत राहते, आणि खालीं निजलेल्या माणसांना तिची वार्ता उशिरां लागते.

उपाय दोन्ही बाजूंनीं झाले. कागदाच्या भुशाच्या थरासाठीं १९७८ सालीं खास कायदा करून आगीची कसोटी लावण्यांत आली, आणि १९७९ पासून त्या मालावर सूचना छापणें बंधनकारक झालें कीं, हा थर छतांतील दिव्याच्या बाजूंपासून तीन इंच दूर ठेवावा व दिव्यावर पसरूं नये. संहितेनेंहि तीन इंचांचें हेंच अंतर सांगितलें. पुढें १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत या दिव्यांत उष्णता मर्यादेबाहेर जातांच आपोआप तुटणारी कळ असणें सक्तीचें झालें. कॉंक्रीटमध्यें पुरलेल्या दिव्यांना तेवढी सूट आहे. शिवाय थरांत बुडाला तरी सुरक्षित राहील असा निराळा दिवा निघाला, आणि त्याच्यावर 'आयसी' अशीं अक्षरें येऊं लागलीं. १९८४ च्या आवृत्तीनें घरगुती तारेचें आवरणहि ९० अंश सोसणारें असावें असें ठरविलें. मात्र त्या तारेवर भार घालावयाचा तो पूर्वीच्या ६० अंशांच्या हिशेबानेंच. बळ वाढवावें पण ओझें वाढवूं नये, ही व्यवहारनीति आमच्या शाळाखात्यासहि कोणीं कळवावी!

त्या आपोआप तुटणाऱ्या कळीवरून आठवलें. माझा एक जुना विद्यार्थी न्यू जर्सींत असतो. गुरुजी, आमच्या स्वयंपाकघरांतील दिवा मध्येंच विझतो आणि दहा-पंधरा मिनिटांनीं आपोआप लागतो, तीन गोळे बदलून झाले, असें त्यानें कळविलें. बिघाड गोळ्यांत नव्हता. माळ्यावरची गादी घसरून डब्यावर आली होती. डबा तापला कीं कळ तुटे, निवला कीं पुन्हा जुळे. आपल्याला भुताटकीची शंका यावी असें हें वर्तन, परंतु तो बिचारा दिवा आपल्या एकमेव भाषेंत गुदमरत असल्याचें सांगत होता.

आतां तापत्या तारेचे गोळे जाऊन एलईडीचे दिवे आले आहेत. ऑगस्ट २०२३ पासून तर अमेरिकेंत जुन्या साध्या गोळ्यांची विक्रीच बहुतांशीं बंद आहे. नव्या दिव्याची उष्णता थोडी असते, आणि पुष्कळांना डबाहि लागत नाहीं. पण जुने डबे घरोघर तसेच आहेत, आणि कोणीहि त्यांत आडगळींतला जुना शंभर वॅटचा गोळा बसवूं शकतो. म्हणून माळ्यावर नवा थर घालण्यापूर्वीं आजहि तेथें चढून, गादी बाजूला सारून, डब्यावरील चिठ्ठी वाचावी लागते. तिच्यावर तीं दोन अक्षरें नसलीं तर फूटपट्टी काढून तीन इंच मोजावे लागतात.