चबुतऱ्यावरून उतरलेली स्मारके

युरोपातील बहुतेक मोठ्या शहरांत घोड्यावर बसलेला राजा किंवा तलवार उपसलेला सेनापती हमखास भेटतो. पर्यटक त्याच्यापुढे छायाचित्र काढून पुढे सरकतात. खाली कोरलेले नाव क्वचितच वाचले जाते. काही स्मारकांपुढे मात्र पावले आपोआप मंदावतात. ती बहुधा उंच नसतात.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील ‘कॅलेचे नागरिक’ हे ऑग्युस्त रोदँचे ब्राँझ समूहशिल्प त्यांपैकी अग्रणी. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने अकरा महिने वेढा घातल्यानंतर १३४७ मध्ये कॅले शहर उपासमारीने शरण आले. सहा प्रतिष्ठितांनी गळ्यात दोर अडकवून, शहराच्या किल्ल्या घेऊन अनवाणी स्वाधीन व्हावे, तर इतरांना अभय, अशी राजाची अट होती. राणी फिलिपाच्या रदबदलीने त्यांचे प्राण वाचले, असे तत्कालीन बखरकार सांगतो.

नगरपालिकेला प्रामुख्याने पहिला पुढे आलेल्या युस्ताश द सँ-पिएरचा पुतळा हवा होता. रोदँने सहाही जण घडवले, तेही मृत्यूकडे निघालेले. एकाने दोन्ही हातांनी डोके धरले आहे, दुसरा जबडा आवळून किल्ली पेलतो आहे. कोणीच कोणाकडे पाहत नाही. समितीला हे वीर फारच खचलेले वाटले! शिल्प जमिनीलगत असावे, नागरिकांनी त्यांच्यातून वावरावे, ही रोदँची इच्छाही १८९५ च्या अनावरणात डावलली गेली. उंच चबुतरा आणि कठडा उभा राहिला. रोदँ १९१७ मध्ये निवर्तला, त्यानंतर काही वर्षांनी चबुतरा उतरवला गेला. आज हे शिल्प नगरभवनासमोर आहे. लंडनला जाणाऱ्यांना त्याची एक प्रत संसद भवनालगतच्या उद्यानात पाहता येते. ती समोरून न पाहता सभोवार फिरून पाहावी आणि मोठे केलेले हात-पाय विशेष न्याहाळावेत.

जर्मन शिल्पकार केट कोलवित्झ हिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर ऑक्टोबर १९१४ मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्याच्या स्मारकाला तिने सुमारे अठरा वर्षे दिली, म्हणजे मुलाच्या आयुष्याइतकीच. १९३२ मध्ये बसवलेले गुडघे टेकलेले ते ग्रॅनाइटचे आई-बाप आता व्लाड्स्लो येथील युद्धस्मशानात आहेत. बाप स्वतःलाच कवटाळून ताठ, आई पुढे वाकलेली; दोघांना चेहरे मात्र कोलवित्झ दांपत्याचे. तिच्याच एका छोट्या मूर्तीची वाढीव प्रत १९९३ पासून बर्लिनच्या नोय वाखे वास्तूत आहे. तिथे छताला मधोमध उघडे वर्तुळ असल्याने पाऊस आणि बर्फ थेट मृत मुलाला कवटाळणाऱ्या आईवर पडतात.

बुडापेस्टमध्ये तर माणूसच नाही. १९४४-४५ मध्ये ‘ॲरो क्रॉस’ संघटनेच्या सशस्त्र टोळ्यांनी ज्यूंना डॅन्यूबकाठी आणून, पादत्राणे काढायला लावून गोळ्या घातल्या. २००५ मध्ये तिथे लोखंडी बुटांचे साठ जोड बसवण्यात आले. त्यांत लहान मुलांचेही आहेत.