नाव तेच, माल तोच का?

बाजारात आपला पहिला विश्वास नावावर असतो. नेहमीच्या छापाचा साबण आपण वास घेऊनही पाहत नाही. पण तोच छाप एखाद्या मोठ्या दुकानात फार स्वस्त दिसला, की शंका येते : माल तोच असेल ना? या शंकेला इतिहास आहे, आणि तो समजण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल.

१९६२ साली सॅम वॉल्टन या व्यापाऱ्याने आर्कान्सा राज्यातील रॉजर्स गावी वॉलमार्टचे पहिले दुकान उघडले. धोरण साधे : नफा थोडा, खप मोठा. चाळीस वर्षांत ही जगातील सर्वांत मोठी किरकोळ व्यापाराची कंपनी झाली. पूर्वी कारखानदार भाव सांगे, आता दुकानदार सांगू लागला. भाव उतरवायचा तर खर्च कापायचा. आणि तो कापता कापता हात शेवटी मालापर्यंत पोचतो.

२००२ साली स्नॅपर कंपनीवर हीच वेळ आली. ही कंपनी गवत कापण्याची दणकट यंत्रे करी. तिचे स्वस्तातले यंत्रही सुमारे ३५० डॉलरचे, तर वॉलमार्टमध्ये इतरांची यंत्रे शंभर डॉलरच्या आत मिळत. कंपनीचे प्रमुख जिम वायर वॉलमार्टच्या मुख्य कचेरीत गेले. तेथे सूचना झाली, की बाहेरून स्वस्त यंत्र करवून घ्या आणि त्यावर स्नॅपरचे नाव घाला. वायर यांनी नकार दिला. कंपनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा खप त्या दुकानांतून होई. त्यावर त्यांनी पाणी सोडले.

लिव्हाय स्ट्रॉस या जुन्या कापड कंपनीने निराळी वाट धरली. २००३ मध्ये तिने वॉलमार्टसाठी स्वस्त विजारी काढल्या, पण त्यांना 'सिग्नेचर' हे वेगळे नाव दिले आणि खिशावरची ओळखीची लाल पट्टी लावली नाही. माल हलका असेल, तर खूणही वेगळी. यात फसवणूक नाही, बरं का!

फसवणूक होते ती खूण तीच ठेवून माल बदलला म्हणजे. काही कंपन्या सवलतीच्या दुकानांसाठी मुद्दाम हलका माल काढतात, आणि गिऱ्हाइकाला तो मूळ मालच स्वस्तात मिळाल्यासारखे वाटते. २०१४ साली अमेरिकी काँग्रेसच्या चार सदस्यांनी याची चौकशी व्हावी, असे तेथील व्यापार आयोगाला लिहिले.

म्हणून स्वस्त तेवढे खोटे, असे मात्र समजू नका. पुष्कळ माल सगळीकडे एकच असतो. घाऊक खरेदीमुळेही भाव उतरतो. आपण एवढेच करावे : यंत्र घेताना नावाखालचा मॉडेल क्रमांक जुळवावा, कापड असेल तर सुताचे प्रमाण वाचावे, पुड्यावरचे वजन पाहावे. गुरुजनहो, एकाच छापाची दोन वेष्टने वर्गात आणा आणि मुलांना त्यांतला फरक शोधू द्या. उद्याचे गिऱ्हाईक तीच आहेत.