येडोचा लोहचुंबक

येडो नगरींत, म्हणजे आजच्या टोकियोंत, आसाकुसा भागांतील एका चष्मेवाल्याच्या दुकानीं एक मोठा लोहचुंबक मांडलेला असे. सन १८५५ च्या नोव्हेंबरच्या ११ तारखेस रात्रीं त्याला चिकटलेले लोखंडी खिळे एकाएकीं गळून पडले. दगड म्हातारा झाला, असें समजून दुकानदार हळहळला. सुमारें दोन तासांनीं भूकंप झाला व त्यांत हजारों माणसें दगावलीं. पुढें चुंबकानें खिळे पुनः धरले, अशी हकीकत तत्कालीन वृत्तांतांत आहे. तीवरून चुंबक, खिळा व घंटा यांचें भूकंपसूचक यंत्रही योजिलें गेलें.

ही हकीकत जशीच्या तशी मानवत नाहीं. पृथ्वीचें चुंबकत्व अशा चुंबकापुढें अगदीं क्षीण. त्यांत फेरफार झाल्यानें खिळा सुटणें नाहीं. परंतु खडक विद्युत् निर्माण करतो, ही गोष्ट मात्र खरी. स्फटिक दाबला असतां त्यावर विद्युद्भार प्रकटतो, हें क्यूरी बंधूंनीं सन १८८० मध्यें दाखविलें. आणि गारेचे कण असलेला खडक फुटतांना रेडिओलहरी निघतात, हेंही प्रयोगशाळेंत दिसलें आहे. अडचण आहे ती खोलीची. मैलोगणती जाडीच्या वाहक भूस्तरांत द्रुत लहरी जिरून जातात. अतिमंद तेवढ्याच वर पोहोंचण्याचा संभव.

तशा लहरी सांपडल्या, असें सन १९८९ मध्यें वाटलें. कॅलिफोर्नियांत १७ ऑक्टोबरास लोमा प्रिएटाचा ६.९ प्रतीचा भूकंप झाला. केंद्रापासून अवघ्या ७ किलोमीटरांवर, कोरालिटोस येथें, स्टॅनफर्डच्या फ्रेझर-स्मिथ यांचें यंत्र निराळ्याच हेतूनें चालू होतें. भूकंपापूर्वीं सुमारें तीन तास त्यावरील मंद लहरींची नोंद कित्येक पटींनीं चढली होती! वीस वर्षें या नोंदीचा दाखला दिला जात असे. सन २००९ मध्यें इतर वेधशाळांच्या नोंदी ताडून थॉमस, लव्ह व जॉन्स्टन यांनीं तो यंत्राचाच दोष असावा असा निष्कर्ष काढला. त्याआधीं, सन २००४ मध्यें, पार्कफील्डला भूकंपाची वाट पाहत मांडलेल्या यंत्रांच्या ऐन मध्यभागीं ६.० प्रतीचा भूकंप झाला होता. तेव्हां विश्वसनीय पूर्वसूचना कांहींच मिळाली नाहीं.

गोंगाट तर सर्वत्र आहे. सूर्यावरील वादळें, आगगाड्या, कारखाने, सर्वांचा ठसा याच यंत्रांवर उठतो. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणतांच कुलाब्याच्या चुंबकीय वेधांसाठीं सन १९०४ मध्यें अलिबागेस वेधशाळा उभारावी लागली, ती याच कारणानें.