ग्रंथ, गुरू आणि घर: अमेरिकेतील एका शिक्षणपद्धतीची वंशावळ

मुलांना शाळेत न घालता घरीच अभिजात ग्रंथांच्या वाचनावर वाढवायचे, पाठ्यपुस्तकाऐवजी मूळ ग्रंथ हाती द्यायचे आणि वर्गशिक्षकाच्या जागी जाणता मार्गदर्शक ठेवायचा, अशी एक पद्धत अमेरिकेतील होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांत रुजलेली आहे. ऑलिव्हर डीमिल यांच्या २००० साली निघालेल्या पुस्तकामुळे तिला ‘टॉमस जेफरसन एज्युकेशन’ हे नाव मिळाले. ही पद्धत नवी नसून १८व्या शतकातल्या व्हर्जिनियात वकील जॉर्ज विथ यांनी पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या तरुण जेफरसनला याच रीतीने घडवले, असे तिचे पुरस्कर्ते सांगतात. हा दावा अर्धाच खरा आहे. जेफरसन यांना ग्रंथ मिळाले, गुरूही मिळाले, पण दोन्ही घराबाहेर. घरी बसून मुलांना शिकवण्याची परंपरा त्याच व्हर्जिनियात होती. ती चालवली बायकांनी, आणि पुढे पद्धतीला नाव देताना त्यांची आठवण कोणाला झाली नाही.

जेफरसन यांचा जन्म १७४३चा. नवव्या वर्षी त्यांना विल्यम डग्लस या पाद्र्याच्या शाळेत ठेवले गेले. वडील १७५७ साली वारले, त्यानंतर ते जेम्स मोरी या दुसऱ्या पाद्र्याकडे राहून लॅटिन आणि ग्रीक शिकले. १७६० साली ते विल्यम्सबर्गच्या विल्यम अँड मेरी कॉलेजात दाखल झाले. तिथे विल्यम स्मॉल हे स्कॉटिश प्राध्यापक गणित आणि भौतिक विज्ञान शिकवत. आपल्या आयुष्याला वळण लावले ते स्मॉल यांनीच, असे जेफरसन यांनी म्हातारपणी आत्मचरित्रात नोंदवले आहे. स्मॉल यांनीच त्यांची गाठ जॉर्ज विथ यांच्याशी घालून दिली. गव्हर्नर फ्रान्सिस फॉकियर यांच्या वाड्यावर जेवणाला हे चौघे एकत्र बसत: गव्हर्नर, प्राध्यापक, वकील आणि अजून विशीही न ओलांडलेला विद्यार्थी. फॉकियर संगीताचे शौकीन होते. त्यांच्याकडच्या मैफलीत जेफरसन व्हायोलिन वाजवत. या जेवणाच्या टेबलावर ऐकले तितके शहाणपणाचे बोलणे आयुष्यात इतरत्र ऐकले नाही, असे जेफरसन यांनी पुढे लिहिले.

त्या काळी अमेरिकेत कायद्याची महाविद्यालये नव्हती. वकील व्हायचे तर एखाद्या नामांकित वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायची, हाच रस्ता. बहुतेक ठिकाणी या उमेदवारीचा अर्थ दस्तऐवजांच्या नकला करणे एवढाच असे, आणि वकिलाला फुकटचा कारकून मिळे. विथ यांची तऱ्हा वेगळी होती. १७६२ ते १७६७ अशी पाच वर्षे जेफरसन त्यांच्याकडे शिकले. एरवीच्या उमेदवारीच्या मानाने हा काळ फारच लांब. या वर्षांत एडवर्ड कोक यांच्या जमीनहक्कांवरील किचकट ग्रंथाशी त्यांची झटापट झाली. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कोकच्या नावाने बोटे मोडली, पण टिपणांची वही सोडली नाही. वाचलेल्या ग्रंथातला महत्त्वाचा भाग या वहीत उतरायचा, त्याखाली आपला शेरा लिहायचा, आणि मग गुरूशी त्यावर बोलायचे. कायद्याच्या जोडीला इतिहास, नीतिशास्त्र, ग्रीक आणि लॅटिन साहित्य चालूच असे.

दिवसाची आखणी कशी असावी, याचा नमुना जेफरसन यांनी पुढे कायदा शिकणाऱ्या एका तरुणासाठी लिहून दिला होता. सकाळी आठपर्यंत भौतिक शास्त्रे, नीती आणि धर्म. आठ ते बारा कायदा. बारा ते एक राजकारण. दुपारी इतिहास. अंधार पडल्यापासून झोपेपर्यंत काव्य, टीका आणि वक्तृत्व. हे वेळापत्रक कागदावर भारदस्त दिसते, पण ते पाळायला घरात दुसरे कोणी राबणारे लागते, ही गोष्ट त्यात नाही.

भाचा पीटर कार याच्या शिक्षणाची जबाबदारी जेफरसन यांच्यावर होती, कारण त्याचे वडील, म्हणजे जेफरसन यांचे जिवलग मित्र, १७७३ साली वारले होते. जेफरसन स्वतः पॅरिसला वकिलातीवर असल्याने मुलगा पुढे विथ यांच्याच हाताखाली शिकला, आणि ऑगस्ट १७८५मध्ये जेफरसन यांनी त्याला लांबलचक पत्र पाठवले. आधी गोल्डस्मिथचा ग्रीसचा इतिहास वाचावा, म्हणजे विषयाचा आराखडा डोक्यात बसेल. मग हेरोडोटस, थुसिडिडीस, झेनोफन मुळातून वाचावेत, भाषांतरातून नव्हे. रोज दोन तास व्यायाम करावा. चेंडूचे खेळ नकोत, त्यांत दांडगाई फार. त्यापेक्षा खांद्याला बंदूक लावून फिरायला जावे, आणि चालताना पुस्तक बरोबर नेऊ नये. ग्रंथ, गुरू आणि दूरवरून लक्ष ठेवणारा पालक असे या पद्धतीचे तिन्ही घटक या एका पत्रात दिसतात. पण इथेही शिकवणारा घरचा नाही.

१७७९ साली जेफरसन व्हर्जिनियाचे गव्हर्नर असताना विल्यम अँड मेरीत कायद्याचे अध्यासन निर्माण झाले आणि ते विथ यांना मिळाले. अमेरिकेतले हे पहिले. व्याख्यानांबरोबर त्यांनी अभिरूप न्यायालय आणि अभिरूप विधिमंडळ सुरू केले. विद्यार्थी खटले लढवत, विधेयके मांडत, आणि विथ अध्यक्षस्थानी बसत. पुढे सरन्यायाधीश झालेले जॉन मार्शल १७८०मध्ये काही काळ या वर्गात होते. १७९१ साली विथ रिचमंडला गेले. तिथे त्यांच्या उजव्या हाताला संधिवाताने ग्रासले, तेव्हा लेखनिक म्हणून हेन्री क्ले हा पोरगेला तरुण आला. विथ निकालपत्रांत ग्रीक अवतरणे पेरत. क्लेला ग्रीकचे अक्षरही ओळखता येत नसे, त्यामुळे तो ती आकृत्यांसारखी गिरवून काढी. पुढे सिनेटचा धुरंधर पुढारी झाल्यावरही ही आठवण तो सांगत असे.

विथ यांचा शेवट भयानक झाला. मायकेल ब्राउन या मिश्रवंशीय मुलाला ते घरी शिकवत होते आणि मृत्युपत्रात त्याच्यासाठी तरतूद केली होती. १८०६मध्ये दोघांनाही विषबाधा झाली आणि दोघेही दगावले. संशय विथ यांच्याच नात्यातल्या तरुणावर होता. स्वयंपाकीण लिडिया ब्रॉडनॅक्स हिने बरेच पाहिले होते, पण गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष व्हर्जिनियाच्या न्यायालयात चालत नसे. आरोपी सुटला. ज्यांनी त्या राज्याच्या कायदेपंडितांची पिढी घडवली, त्यांच्याच खुनात कायदा असा लुळा पडला. विथ यांची ग्रंथसंपदा मृत्युपत्रानुसार जेफरसन यांच्याकडे गेली. १८१५ साली जेफरसन यांनी आपला संग्रह काँग्रेसला विकला तेव्हा त्यात ६,४८७ ग्रंथ होते आणि किंमत ठरली २३,९५० डॉलर.

घरच्या शिक्षणाचा धागा शोधायचा तर विथ यांच्याच लहानपणाकडे जावे लागते. त्यांचे वडील लवकर वारले. लॅटिनचा पाया घातला तो आई मार्गारेट यांनी. ग्रीकच्या बाबतीत असे सांगतात, की मुलगा ग्रीक बायबल उलगडून सांगत असे तेव्हा आई समोर इंग्रजी प्रत धरून चुका पडताळत असे. जे आपल्याला येत नाही ते मुलाबरोबर बसून शिकवायचे, ही युक्ती आजच्या होमस्कूलिंग करणाऱ्या आयांना चांगलीच ओळखीची आहे.

जेफरसन यांच्या घरीही शिकवण्याचे काम थोरली मुलगी मार्था रँडॉल्फ हिच्याकडे होते. तिची ११ मुले जगली, आणि माँटिसेलोच्या घरात त्यांना शिकवण्यात तिची अनेक वर्षे गेली. मुलींच्या शिक्षणाचा आपण कधी पद्धतशीर विचार केला नाही, अशी कबुली जेफरसन यांनी १८१८मधील एका पत्रात दिली आहे. आपल्या मुलींना भक्कम शिक्षण दिले ते त्यांना पुढे आई म्हणून आपल्या मुली शिकवता याव्यात म्हणून. आणि बाप नसेल, नालायक असेल किंवा बेफिकीर असेल तर मुलगेही, असे त्यांचे म्हणणे. त्याच पत्रात कादंबऱ्यांच्या नादाबद्दल तक्रार आहे.

या साऱ्या विद्याव्यासंगाचा खर्च कोण भरत होते, हे विसरून चालत नाही. माँटिसेलोची शेती गुलाम कसत. १८३१ साली व्हर्जिनियाने काळ्या माणसांना लिहायवाचायला शिकवण्यासाठी जमवणे कायद्याने बंद केले. शाळांबाबत बोलायचे तर जेफरसन स्वतः सरकारी शाळांचे कैवारी होते. १७७९च्या विधेयकात त्यांनी प्रत्येक स्वतंत्र मुलामुलीला तीन वर्षे मोफत शाळा देण्याची योजना मांडली होती. जमीनदारांनी ती उचलून धरली नाही. ज्यांच्या नावाने आज शाळेला पर्याय दिला जातो, ते आयुष्यभर शाळा काढायला निघाले होते.

१९व्या शतकात सार्वत्रिक शाळा आली. मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली शाळासक्तीचा कायदा केला आणि १९१८मध्ये मिसिसिपीने केल्यावर राज्यांची यादी पूर्ण झाली. वकिलीची उमेदवारीही कायद्याच्या महाविद्यालयांपुढे मागे पडली, तरी व्हर्जिनियात तिची वाट आजही पुरती बंद झालेली नाही.

अभिजात ग्रंथांचे पुनरुज्जीवन झाले ते विद्यापीठांतून. हार्वर्डचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १९०९मध्ये ‘हार्वर्ड क्लासिक्स’ ही ग्रंथमाला काढली. रोज पंधरा मिनिटे वाचले तरी माणूस सुशिक्षित होईल, असा तिचा दावा होता, आणि सामान्य घरांनी तो मनावर घेतला. जॉन अर्स्किन यांनी १९२०च्या सुमारास कोलंबियात आठवड्याला एक ग्रंथ वाचून चर्चा करण्याचा वर्ग सुरू केला. त्याच वर्गात शिकलेले मॉर्टिमर अॅडलर पुढे शिकागोला रॉबर्ट हचिन्स यांच्याबरोबर काम करू लागले. अॅनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजाने १९३७ साली सारा अभ्यासक्रमच अशा ग्रंथांवर उभा केला. १९५२मध्ये ‘ग्रेट बुक्स ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’चे ५४ खंड निघाले. त्यांतील ७४ लेखकांत एकही स्त्री नव्हती. जेन ऑस्टिन आणि जॉर्ज एलियट यांना आत यायला १९९०ची दुसरी आवृत्ती उजाडावी लागली. फिरत्या विक्रेत्यांनी हे खंड घरोघर विकले. ते किती घरांत वाचले गेले, हा प्रश्न निराळा.

होमस्कूलिंगची चळवळ वेगळ्याच दिशेने आली. जॉन होल्ट यांचे ‘हाउ चिल्ड्रन फेल’ १९६४चे. शाळा सुधारत नाहीत अशी खात्री झाल्यावर त्यांनी १९७७मध्ये शाळेबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी नियतकालिक काढले. रेमंड आणि डोरोथी मूर यांनी मुलांना लवकर शाळेत घालू नये असा आग्रह धरला, आणि तो धार्मिक कुटुंबांना पटला. एका टोकाला मुक्त विचारांचे, दुसऱ्या टोकाला चर्चशी बांधलेले, असे दोन गट एकाच मागणीसाठी न्यायालयांत गेले. १९९३पर्यंत सर्व ५० राज्यांत होमस्कूलिंग कायदेशीर ठरले. अभिजात शिक्षणाचा एक प्रवाह डोरोथी सेयर्स यांच्या १९४७च्या ऑक्सफर्डमधील निबंधातून निघाला. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व अशा मध्ययुगीन पायऱ्यांवर तो उभा होता. जेसी वाइझ आणि त्यांची कन्या सुसान वाइझ बाउर यांच्या १९९९च्या ‘द वेल-ट्रेन्ड माइंड’ने तो घरोघर पोचवला.

डीमिल यांची पद्धत यापेक्षा सैल आहे. तिच्यात इयत्ता नाहीत, टप्पे आहेत. साधारण आठव्या वर्षापर्यंत खेळ, घरकाम आणि बऱ्यावाईटाची जाण. बारापर्यंत आवडेल ते शिकण्याची मोकळीक. पुढे किशोरवयात रोजचे कित्येक तास कसून अभ्यास, आणि त्यानंतर एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली खोल शिक्षण. सक्ती करू नका, ओढ लावा. काय शिकायचे ते ठरवू नका, शिकण्याची वेळ ठरवा, हे तिचे नेम. सर्वांत अवघड नेम पालकांसाठी आहे: मुलांना ग्रंथ द्यायच्या आधी स्वतः वाचा. त्यामुळे ही पद्धत घेतलेल्या घरात आईच रात्री शेक्सपिअर किंवा तोकव्हिल वाचत बसलेली असते आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मुलाशी त्यावर बोलते. या पद्धतीचा प्रसार मुख्यतः यूटा आणि आसपासच्या मॉर्मन कुटुंबांत झाला. विथ यांच्या नावाचे एक कॉलेजही यूटात सीडर सिटीला निघाले होते. त्याला शैक्षणिक मान्यता मिळाली नाही आणि कालांतराने ते बंद पडले.

गणित आणि विज्ञान या पद्धतीत मागे पडतात, ही टीका जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. युक्लिड मुळातून वाचणे थोर खरे, पण बीजगणिताचा सराव त्याने होत नाही. ओढ लागेपर्यंत थांबा या नेमाखाली काही घरांत मुले वर्षानुवर्षे नुसती थांबतात. उलट चर्चेची सवय आणि लांबलचक वाचनाचा दम ही या मुलांची जमेची बाजू. विथ यांच्याशी तुलना मात्र ताणलेली आहे. त्यांच्याकडे येणारी मुले लॅटिन शिकून आलेली असत, निवडून घेतलेली असत, आणि गुरूला घरकाम नसे.

शिक्षण सांख्यिकीच्या केंद्रीय संस्थेच्या अंदाजाने १९९९ साली अमेरिकेत ८.५ लाख मुले घरी शिकत होती. २०१२पर्यंत हा आकडा १७ लाखांच्या पुढे गेला. यांतील बहुतेकांचा डीमिल यांच्या पद्धतीशी संबंध नाही. छापील अभ्यासक्रम विकत घेणारे पालक पुष्कळ आहेत. नियमही राज्यागणिक बदलतात. व्हर्जिनियाच्या १९८४च्या कायद्याप्रमाणे पालकांना दरवर्षी मुलाच्या प्रगतीचा पुरावा जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्याला द्यावा लागतो. यूटात मात्र शिक्षण मंडळाला एकदा कळवले की विषय, तास किंवा परीक्षा यांची अट उरत नाही.