गाण्यांनी वाचवलेली शाळा

शाळेतल्या मुलांचा गाण्याबजावण्याचा कार्यक्रम ठेवायचा, तिकिटं लावायची आणि जमलेली रक्कम एखाद्या चांगल्या कामाला द्यायची, ही पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या गावातल्या शाळांनीही असे कार्यक्रम केले होते. मुलांच्या कलागुणांना वाव मिळतो, आईबापांना कौतुक वाटतं आणि चार पैसे गरजूंपर्यंत पोचतात. पण अशा कार्यक्रमात खरा देणारा कोण असतो? तिकीट काढणारा, की समोर उभं राहून गाणारं पोर? हा प्रश्न मला पडला तो अमेरिकेतल्या एका शाळेचा इतिहास वाचताना. त्या शाळेची मुलं गायली नसती, तर शाळाच उरली नसती.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं आणि सुमारे चाळीस लाख गुलाम मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे काय, तर अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणं हा कायद्यानं गुन्हा होता. त्यामुळे स्वातंत्र्य मिळाल्यावर या माणसांनी पहिली धाव घेतली ती शाळेकडे. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात जानेवारी १८६६ मध्ये अशीच एक शाळा सुरू झाली. तिचं नाव फिस्क. इमारत कसली, तर युद्धात लष्करानं रुग्णालयासाठी उभारलेल्या लाकडी बराकी. विद्यार्थ्यांत सात वर्षांच्या पोरापासून सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे. गुलामांच्या बाजारात पडलेल्या गंजक्या बेड्या गोळा करून त्या मोडीत विकल्या आणि त्या पैशांतून अंकलिपीची पुस्तकं आणली, अशी आठवण या शाळेबद्दल सांगितली जाते. बेडीची अंकलिपी झाली! कवीला यापुढे आणखी काय सुचायचं?

पण पाचेक वर्षांत शाळा कर्जात बुडाली. बराकी कुजल्या, मुलं अर्धपोटी राहू लागली आणि शाळा बंद करण्याची भाषा सुरू झाली. शाळेचे खजिनदार होते जॉर्ज व्हाइट. हे गृहस्थ लोहाराचे चिरंजीव, युद्धात लढलेले गोरे शिपाई. संगीताचं रीतसर शिक्षण त्यांना नव्हतं, पण कान मोठा तयार होता. फावल्या वेळात ते मुलांना गाणं शिकवत. या मुलांना घेऊन उत्तरेकडच्या शहरांत कार्यक्रम करायचे आणि शाळेसाठी निधी जमवायचा, असं त्यांनी ठरवलं. वरिष्ठांना ही कल्पना फारशी पसंत नव्हती. तरीही ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी व्हाइट यांच्याबरोबर नॅशव्हिलहून निघाले. पाच मुली, चार मुलगे. बहुतेकांचा जन्म गुलामीतला.

त्यांच्यातली एला शेपर्ड पियानो वाजवायची. तिच्या वडिलांनी पैसे मोजून तिला गुलामीतून सोडवलं होतं, आई मात्र मालकाबरोबर दूर मिसिसिपीला गेली होती. पुढे सिनसिनाटीत पियानो शिकताना गोऱ्या शिक्षकानं अट घातली, की शिकवणीला मागच्या दारानं यायचं आणि कुणाला सांगायचं नाही. अशा मुलीच्या हातात आता शाळेचं भवितव्य होतं.

मंडळी निघाली आणि दोनच दिवसांनी शिकागो शहराला ती प्रसिद्ध आग लागली. सुमारे एक लाख माणसं बेघर झाली. मुलं त्या वेळी ओहायो राज्यात होती. त्यांच्या पहिल्याच तिकीट लावलेल्या कार्यक्रमाचे पन्नास डॉलरही भरले नव्हते. शाळा कर्जात, थंडी तोंडावर, अंगात धड गरम कपडे नाहीत. या मुलांनी ती सगळी रक्कम शिकागोच्या आगग्रस्तांना देऊन टाकली. जी मुलं स्वतःसाठी झोळी घेऊन निघाली होती, त्यांनी झोळीत पडलेलं पहिलं दान दुसऱ्याला दिलं. पुढे मोठमोठ्या रकमा जमल्या, पण मला या पन्नासाच्या आतल्या रकमेचं मोल जास्त वाटतं.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. हॉटेलवाले खोली देत नसत. शिवाय त्या काळी गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्या माणसांची टिंगल करणारे खेळ करत. ‘काळी पोरं गाणार’ म्हटल्यावर लोकांना तसलाच तमाशा अपेक्षित असे. ही मुलं मात्र साध्या, नीटनेटक्या कपड्यांत शांत उभी राहून त्या काळची प्रतिष्ठित युरोपीय वळणाची गाणी गात. त्यांना दाखवून द्यायचं होतं, की आम्हीही शिकलेले आहोत. लोक ऐकत, मान डोलावत आणि घरी जात. पैसे काही पडत नसत.

त्यांच्याजवळ आणखी एक ठेवा होता. आईबापांनी मळ्यांत राबताना आणि रात्री चोरून भरवलेल्या प्रार्थनांत म्हटलेली गाणी, ज्यांना आज जग ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणतं. एला शेपर्डनं पुढे लिहून ठेवलंय, की ही गाणी लोकांसमोर गाण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. एक तर ती आईवडिलांच्या उपासनेची, म्हणून पवित्र. आणि दुसरं म्हणजे ती गुलामीच्या काळ्या दिवसांची, म्हणून विसरून जावीशी. व्हाइट यांच्या आग्रहावरून मुलांनी ती म्हटली, पण दारं-खिडक्या लावून, जमिनीवर बसून, हलक्या आवाजात.

ही दारं-खिडक्या लावण्याची गोष्ट मला चांगली समजते. आमच्या घरी दादी जात्यावर बसली की दखनीत चक्कीनामे म्हणायची आणि भिंतीपलीकडच्या काकू मराठीत ओव्या. दोघींच्या गाण्यात सासुरवास होता, देवाचं नाव होतं आणि पिठाचा वास होता. पण पाहुणा दारात आला की दोघीही गप्प होत. आपलं दुःख चारचौघांत मांडणं म्हणजे लाज उघडी टाकणं, असं त्यांना वाटे. तेव्हा त्या नऊ मुलांनी ही गाणी घेऊन परक्यांसमोर उभं राहायचं ठरवलं, याला किती धैर्य लागलं असेल, बघा.

नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन इथं धर्मोपदेशकांच्या मोठ्या परिषदेत त्यांनी ही गाणी म्हटली आणि चित्र पालटलं. श्रोत्यांनी असलं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. त्याआधीच व्हाइट यांनी त्यांना ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिलं होतं. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासावं वर्ष हे ज्युबिलीचं, म्हणजे गुलामांच्या सुटकेचं वर्ष मानलं आहे. त्यावरून हे नाव. १८७२ मध्ये ही मुलं व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायली आणि १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर. पहिल्याच दौऱ्यात सुमारे वीस हजार डॉलर जमले. त्यातून कर्ज फिटलं आणि नवी जागा घेतली. सात वर्षांतली एकूण जमा दीड लाख डॉलरच्या घरात गेली. १८७६ च्या पहिल्या दिवशी ‘ज्युबिली हॉल’ या सहा मजली इमारतीचं उद्घाटन झालं. ती इमारत आजही उभी आहे.

याच १८७३ साली आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झालं. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते त्यांनी अर्पण केलं आहे. इकडे एक माणूस अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेतून आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांसाठी आशा शोधत होता आणि तिकडे त्या सुटलेल्या गुलामांची मुलं शाळेसाठी गात गावोगाव फिरत होती. शिक्षणाशिवाय मुक्ती अपुरी, हे दोन्हीकडे कळलेलं होतं. या गायकांतले फ्रेडरिक लाउडिन यांनी पुढे स्वतंत्र संच काढून १८८४ ते १८९० या काळात जगप्रवास केला. ते हिंदुस्थानातही आले आणि आग्र्याला ताजमहालात त्यांनी आपली गाणी म्हटली.

या यशाची किंमत मात्र मुलांनी मोजली. सततचा प्रवास, जवळजवळ रोजचं गाणं, थंडी, अपमान. अनेकांच्या प्रकृती ढासळल्या. बेंजामिन होम्स क्षयानं तरुणपणीच गेला. ज्या शाळेसाठी गायलो, तिथं बसून शिकणं मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांना पुरतं साधलं नाही. इतरांच्या शिक्षणासाठी त्यांनी आपलं शिक्षण खर्ची घातलं. त्यांनी वाचवलेल्या या संस्थेतून १८८८ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हा विचारवंत शिकून बाहेर पडला. १९०३ साली आलेल्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या ग्रंथात त्यानं या गाण्यांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं.

तेव्हा देणारा कोण, या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं मिळालं आहे. तिकीट काढणाऱ्यानं डॉलर दिले आणि त्याचं मोल आहेच. पण मुलांनी त्याला त्याहून मोठी वस्तू दिली. आईबापांच्या घामाची, रडण्याची आणि आशेची गाणी त्यांनी त्याच्या हवाली केली. ज्यांना तो कालपर्यंत माल समजत होता त्यांच्यापुढे त्याला टोपी काढायला लावली. आपल्या शाळांतून कार्यक्रम बसवताना सिनेमातली तयार गाणी घेणं सोपं असतं. एकदा मुलांना सांगून बघावं, की घरी जा आणि आजी काय गायची ते विचारून या. कुणाकडे ओवी निघेल, कुणाकडे चक्कीनामा, कुणाकडे लमाणी गीत. त्या पोराला कळेल, की द्यायला आपल्याकडेही काही आहे.

फिस्क आज विद्यापीठ आहे आणि ज्युबिली सिंगर्स आजही गातात. २०२१ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. दर वर्षी ६ ऑक्टोबरला तिथले विद्यार्थी जमतात, त्या पहिल्या गायकांच्या कबरींपाशी जातात आणि गातात. तिथं तिकीट नसतं. जुनं देणं आहे, ते वर्षातून एकदा फेडतात.